किरकोळ दुरुस्ती आवश्यक

नोटिशीत एकही शब्द चुकीचा नव्हता, हे आधी नोंदवून ठेवते. ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या बाईला शब्दांवरून बोल लागलेला सहन होत नाही. मजकूर असा होता: ‘कै. धाकू तोरसकर यांचा ऑर्गन दान करणे आहे. सुस्थितीत. किरकोळ दुरुस्ती आवश्यक. इच्छुकांनी सायंकाळी सहानंतर तिसऱ्या मजल्यावर येऊन प्रत्यक्ष पाहावा.’ खाली माझी सही. बोरीवलीच्या आमच्या सोसायटीच्या फळ्यावर, पाण्याच्या वेळा आणि गच्चीत पापड वाळत घालण्यासंबंधीचा ठराव यांच्या मधोमध मी तो कागद स्वतः लावला आणि एक काम मार्गी लागलं अशा समाधानानं वर आले.

धाकू तोरसकर म्हणजे माझे वडील, अण्णा. दिवसा ते परळच्या एका गिरणीत कापसाच्या धुरळ्यात काम करायचे आणि संध्याकाळी गिरणी कामगारांच्या नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. गिरणीत त्यांना फारसं कुणी ओळखत नसे, पण नाटकवाले सगळे ‘धाकूमास्तर’ म्हणत. ते निवृत्त झाल्यावर आम्ही बोरीवलीला आलो तेव्हा सामानाच्या टेम्पोत सगळ्यात आधी ऑर्गन चढला आणि आईच्या हंड्यांना नंतर जागा मिळाली. पायांनी भाता हलवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं असं ते लाकडी कपाटासारखं वाद्य आमच्या एका खोलीची एक भिंत खाऊन बसलं होतं.

उरलेलं जग अशा वाद्याला पायपेटी म्हणतं. अण्णांसमोर कुणी तो शब्द काढला की ते बोट वर करायचे. “पायपेटी येगळी नि ऑर्गन येगळो. पेटी वारो भायर ढकलता, ऑर्गन वारो आत वडता.” पेटी श्वास सोडून बोलते आणि ऑर्गन श्वास घेऊन, असं त्यांचं म्हणणं. गिरणीच्या धुरळ्यानं छातीचा भाता निकामी झालेल्या माणसाला हा फरक मोठा वाटणं साहजिक होतं. मी नोटिशीत ‘पायपेटी’ लिहिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण अण्णांच्या नावानं लावलेल्या कागदावर अण्णांना न चालणारा शब्द मी कसा लिहिणार?

शिवाय त्यांनी स्वतः तोच शब्द वापरला होता. हॉस्पिटलात, तोंडावरचा ऑक्सिजनचा मुखवटा बाजूला सारून ते म्हणाले, “प्रेमा, माजो ऑर्गन कोणाच्या तरी कामाक येवंदे. हंयसर पडान कुजाक नको.” नर्सनं मुखवटा परत बसवला. त्यानंतर ते बोलले नाहीत. त्यामुळे हे काम माझ्या दृष्टीनं बाराव्या-तेराव्याच्या विधींपेक्षा वरचं होतं.

नोटीस लागली त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या विमलाताई आल्या. आमच्याकडे फ्रीज आणि त्यांच्याकडे टेलिफोन, अशी आमची बरीच वर्षांची देवघेव होती. एरवी त्या येताना काहीतरी ठेवायला घेऊन यायच्या. त्या दिवशी मात्र त्यांनी फ्रीज उघडून आपली सोलकढी, खवलेला नारळ आणि कोलंबीचा डबा बाहेर काढला. डोळे अर्धे मिटूनच काढला. अण्णांची छाती भरून यायला लागल्यापासून दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात त्यांच्यासाठी स्टूल ठेवणारी, “बसा अण्णा, दम खा जरा,” म्हणणारी ही बाई. तिनं असं तोंड फिरवून आपलं सामान न्यावं याचं मला वाईट वाटलं.

दारापर्यंत जाऊन त्या परतल्या. हळूच म्हणाल्या, “प्रेमा, तुझं धाडस आहे गं. पण वरच्या कप्प्यात ठेवलायस की बर्फात?”

“काय?”

“तो. अण्णांचा.”

मला कळायला वेळ लागला. मग मी त्यांचा हात धरून त्यांना भिंतीशी नेलं आणि ऑर्गनवरची चादर काढली. “मग पायपेटी म्हण ना,” त्या म्हणाल्या. आवाजात सुटका कमी आणि तक्रार जास्त होती. कोलंबीचा डबा फ्रीजमध्ये परत गेला. पण तोवर त्यांचा मुलुंडच्या बहिणीला टेलिफोन करून झाला होता. खुलाशासाठी दुसरा टेलिफोन करावा असं त्यांना वाटलं नाही. फोनचं बिल बातमीसाठी भरतात, खुलाशासाठी नाही.

त्याआधी याच विमलाताईंनी मला अण्णांचे कपडे आवरायला मदत केली होती. दाराआडच्या खुंटीवर त्यांचा रबरी रेनकोट होता. तो काढला तर त्याला पाठच नव्हती. बाह्या, कॉलर, पुढची बटणं सगळं जागच्या जागी आणि मागे एक मोठा चौकोनी झरोका. विमलाताईंनी उंदरांवर शिक्कामोर्तब केलं. इतक्या सरळ रेषेत कुरतडणारे उंदीर मी पाहिले नव्हते. पण त्या दिवसांत मी कुठल्याच गोष्टीची कारणं विचारत नव्हते. रेनकोट तसाच खुंटीला लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोरभाई नोटिशीचा कागद हातात धरून आले. म्हणजे तो त्यांनी फळ्यावरून काढला होता. ते माझ्यावर नाराज होते, पण शोकातल्या घरी आवाज चढवायचा नाही इतकं भान त्यांना होतं. त्यामुळे ते कुजबुजत रागावले. “प्रेमाबेन, तुमचा फादर कमिटी मेंबर होता. कबूल. पण ती सीट दान नाय करता येत. इलेक्शन लागतो.”

मी म्हटलं, सीटचा काय संबंध?

त्यांनी खिशातून सोसायटीचे इंग्रजी उपनियम काढले आणि एका ओळीवर बोट ठेवलं. व्यवस्थापक समिती ही संस्थेचं कार्यकारी ‘ऑर्गन’ आहे, असं तिथं खरंच छापलेलं होतं. समितीत जागा रिकामी, मयताच्या मुलीची नोटीस, ऑर्गन दान. नंदकिशोरभाईंनी हे सगळं जोडलं होतं आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही बहुधा तेच केलं असतं. मात्र त्यांना खरी बोचली होती ती पुढची ओळ. “किरकोळ दुरुस्ती आवश्यक. हा कोणाला टोमणा आहे? टाकीचा पाइप तर मागच्याच महिन्यात केला.”

ऑर्गन दाखवल्यावर ते शांत झाले. नोटीस परत लावायला मात्र समितीची मंजुरी लागेल म्हणाले, कारण एकदा काढलेली नोटीस म्हणजे नवी नोटीस. पुढच्या रविवारी समिती बसली, चहा झाला, वाद्य हे ‘वैद्यकीय स्वरूपाचे नसल्याची’ नोंद झाली आणि माझा कागद होता तसाच फळ्यावर परत आला. समितीत एवढी चर्चा होऊनही मजकुरात ‘वाद्य’ हा शब्द घालावा असं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. माझा मजकूर बरोबर होता ना!

मग नाना आले. नाना म्हणजे अण्णांचे गिरणीतले सोबती, युनियनचे जुने कार्यकर्ते, आता समोरच्या इमारतीत राहणारे. ते रिकामी पिशवी घेऊन आले होते. मला वाटलं भाजीला निघालेत. पण त्यांना हवं होतं युनियनचं साप्ताहिक. त्यांच्या पिढीच्या पुढाऱ्यांच्या तोंडी मुखपत्राला ‘ऑर्गन’ म्हणायची पद्धत होती आणि जुने अंक अण्णांनी जपून ठेवले असणार अशी त्यांची खात्री होती. ‘किरकोळ दुरुस्ती’ म्हणजे बांधणी सुटली असेल, ती आपण खळ लावून करू, असंही त्यांनी येता येता ठरवलं होतं.

मला हसू आलं. अण्णा गेल्यावर पहिल्यांदाच. मी नानांना विमलाताईंची कोलंबी आणि नंदकिशोरभाईंचे उपनियम सांगितले. नानाही हसले, चष्मा पुसला आणि चहाचा कप खाली ठेवत सहज म्हणाले, “मला वाटलं तू डोळ्यांचं लिहिलंयस. धाकूनं सांगितलं नव्हतं तुला?”

कुठले डोळे, मी विचारलं.

वाचनालयाच्या हॉलमध्ये नेत्रदानावर एका डॉक्टरांचं भाषण झालं होतं. हे दोघंही गेले होते. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, कुणाकुणाची तयारी आहे. “तुझ्या अण्णानं हात वर केला,” नाना म्हणाले. “मी बघितला. माझा नव्हता, पण त्याचा होता.”

नाना गेल्यावर मी बराच वेळ कप विसळत राहिले.

डोळे काही तासांच्या आत घ्यावे लागतात, एवढं मलाही टीव्हीवर बघून माहीत होतं. आता तर सगळंच होऊन गेलं होतं. मी त्यांचं वाक्य पुन्हा पुन्हा तपासलं. कोशात ‘ऑर्गन’ला अर्थ चार: वाद्य, अवयव, मुखपत्र, संस्थेचं अंग. त्यातला एक मी माझ्या सोयीनं उचलला होता. अण्णा मालवणी बोलणारा माणूस, डोळ्यांना डोळेच म्हणाले असते, अशी मी स्वतःची समजूत घालायची. पण मग त्या डॉक्टरांनी भाषणात हाच इंग्रजी शब्द वापरला असेल, तो नवा म्हणून यांच्या जिभेवर बसला असेल, असंही वाटायचं. आणि ‘कुजाक नको’? लाकूड कुजतं, हे खरं. पण मरणाच्या दारात असलेला माणूस लाकडाबद्दल बोलतो का? त्यांनी शेवटचं एक काम सांगितलं आणि जगात शब्दांचेच अर्थ लावून जगणाऱ्या त्यांच्या मुलीनं ते चुकीचं ऐकलं असेल, तर आता ते कुणाला विचारायचं, हे मला कळेना. फळ्यावरची नोटीस जाता-येता दिसायची. मी तिच्याकडे न बघता जिना चढायला लागले.

याच मनःस्थितीत असताना एका संध्याकाळी दारात एक अनोळखी बाई उभी राहिली. माझ्याच वयाची, खांद्याला कापडी पिशवी, मुलुंडहून दोन गाड्या बदलून आलेली. नाव रुक्मिणी. खुर्च्यांवर अण्णांच्या कपड्यांचे गठ्ठे होते म्हणून मी तिला ऑर्गनचंच स्टूल ओढून दिलं. पाणी दिलं. ती पाणी प्याली आणि माझ्याकडे फार काळजीपूर्वक बघत राहिली. मुलगी बघायला आलेल्या बायकाही इतकं बघत नाहीत.

“तुम्हाला साखर नाही ना?” तिनं विचारलं.

चहाबद्दल विचारते आहे असं समजून मी म्हटलं, आहे ना, घालते.

“नाही. रक्तात. आणि ब्लडप्रेशर?”

मग हळूहळू उलगडलं. विमलाताईंच्या टेलिफोनवरून मुलुंडला गेलेली बातमी तिथून बहिणीच्या शेजारी, शेजारणीकडून रुक्मिणीच्या शिवणाच्या गिऱ्हाइकांत, अशी फिरत फिरत हिच्यापर्यंत पोचली होती. वाटेत ती सुधारत गेली होती. बोरीवलीत एक ग्रंथपाल बाई आहे, वडिलांच्या स्मरणार्थ आपली एक किडनी दान करते आहे, असा तिचा शेवटचा पाठ होता. रुक्मिणीच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा यंत्रावर जायचं. धाकट्या दिराची जुळते, पण त्याचं लग्न व्हायचं आहे आणि एका किडनीवर मुलगी कोण देणार म्हणून सासू अडून बसलेली.

मी तिला सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. पुढे होऊन मी फक्त तिच्या पाठीमागचं ऑर्गनचं झाकण उघडलं आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दाखवल्या. नानांसमोर ज्या चुकीला मी हसले होते, ती चूक आता माझ्यासमोर स्टुलावर बसली होती.

ती रडली नाही. “मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “परक्याला कोण देतं? पण नाही आले असते तर रोज वाटलं असतं, जाऊन बघायला हवं होतं.”

मी चहा टाकायला आत वळले. परत बघते तर ती स्टुलावरच ऑर्गनकडे वळून बसली होती. उजवा हात पट्ट्यांवर टेकलेला, नजर भिंतीवर आणि दोन्ही पाय खालच्या पायट्यांवर. ते पाय चालू होते. दिवसभर शिवणयंत्र चालवणाऱ्या बाईचे पाय पायटा मिळाला की आपोआप चालत असणार, तिला त्याचा पत्ताही नसावा. एकसारखे, न घाईचे, एक लांब शिवण घालायची असल्यासारखे. आणि तिच्या हाताखालच्या चार-पाच पट्ट्या एकदम बोलू लागल्या.

ती दचकून थांबली. “मोडलं का काही?”

“थांबू नका,” मी म्हटलं.

कारण मी दुसऱ्याच आवाजाची वाट बघत होते. आमच्या ऑर्गनचा भाता कित्येक वर्षं फाटका होता. कुठलाही सूर निघायच्या आधी तो घरघरायचा. रात्री अण्णांची छाती आणि दिवसा त्यांचा ऑर्गन, दोन्हींची घरघर एकाच पट्टीतली, असं आई होती तोवर म्हणायची. शेवटच्या वर्षात तर तो इतका गळायला लागला होता, की अण्णांनी वाजवणं सोडूनच दिलं होतं. म्हणून तर मी ‘किरकोळ दुरुस्ती’ असं लिहिलं. आणि आता रुक्मिणीचे पाय चालत होते, सूर येत होता आणि घरघर येत नव्हती. वारा आत जात होता, सरळ, स्वच्छ.

चहा उतू गेला. ती गेल्यावर, म्हणजे दुसऱ्यांदा टाकलेला चहा पिऊन आणि बस कुठून मिळते ते विचारून ती गेल्यावर, मी ऑर्गनच्या मागची फळी काढली. आत भाता होता. जुन्या, भुरकटलेल्या कापडाच्या जागी काळं रबरी कापड ताणून, कडेनं बारीक खिळे मारून, सरस लावून चिकटवलेलं. एका कोपऱ्यात रेनकोटाची शिवण तशीच होती. अण्णांच्या पाठीमधून जाणारी, उभी.

मी खाली विमलाताईंकडे गेले. दुपारच्या वेळी त्यांनी कधी वर काही ठोकाठोक ऐकली होती का, विचारलं.

“रोज ऐकायची,” त्या म्हणाल्या. “थोडं ठोकायचे, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा थोडं. मी वर जाऊन रागावले पण एकदा. म्हणाले, प्रेमाला बोलू नकोस, ओरडेल. कोणाला तरी द्यायची आहे, फाटकी कशी देणार.”

“विमलाताई, मग हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?”

“ते पायपेटीचं होतं गं,” त्या म्हणाल्या. “तू तर ऑर्गन ऑर्गन करत होतीस.”

मी फळ्यापाशी गेले आणि पेननं ‘किरकोळ दुरुस्ती आवश्यक’ ही ओळ खोडली. नंदकिशोरभाई जिन्यातून उतरत होते. मंजूर झालेल्या नोटिशीत खाडाखोड करता येत नाही, असं ते म्हणणार होते. पण माझ्याकडे बघून त्यांनी खिशातलं स्वतःचं पेन काढलं आणि खोडलेल्या ओळीशेजारी आपली सही केली.

नानांनाही मी भाता दाखवला. त्यांनी बॅटरी लावून बराच वेळ आत बघितलं. मग म्हणाले, “त्या दिवशी हॉलमध्ये फार कोंदलं होतं. पंखा लावा म्हणायला पण त्यानं हात वर केला असेल.” असेलही. नसेलही. डोळ्यांचं मला कधीच कळणार नाही. पण पाठीवरचं कापड काढून ज्याचा भाता शिवला, त्या ऑर्गनबद्दल अण्णा बोलत होते, एवढं मी आता कुणालाही सांगू शकते.

शेवटी ऑर्गन नेला सीताराम साळवे यांनी. ते घाटकोपरचे, टेलिफोन खात्यात नोकरीला आणि संध्याकाळी त्यांच्या वस्तीतल्या गायन पार्टीचे पेटीवादक. कामगारांच्या नाटकात त्यांनी लहानपणी अण्णांना ऐकलं होतं. विमलाताईंचा टेलिफोन दुरुस्त करायला आले असताना फळ्यावरची नोटीस वाचून ‘ऑर्गन’चा अर्थ ऑर्गन असाच घेणारे ते पहिले गृहस्थ. त्यांनी बसून एक वंदना वाजवली, मग मला विचारलं, “मॅडम, भाता कुणी बदलला? काम पक्कं आहे.” मी सांगितलं. ते उठून उभे राहिले. मग पुन्हा बसून तीच वंदना पहिल्यापासून वाजवली.

न्यायच्या दिवशी त्यांच्या पार्टीतले चौघं आले. लिफ्ट नाही. ऑर्गन पांढऱ्या चादरीत गुंडाळला, दोऱ्या बांधल्या आणि चौघांनी चार कोपऱ्यांना खांदा दिला. मी मागून येत होते. कसं दिसत असेल हे माझ्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता. पहिल्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेले गृहस्थ दार उघडून बाहेर आले होते. जिन्यातून वर बघून त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. त्यांच्या बायकोनं हळूच विचारलेलं वरपर्यंत ऐकू आलं, घरात कोण होतं अजून?

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ऑर्गन अडकला. एका कोपऱ्याचा हात सुटला, खोकं तिरकं झालं, चादरीआड पायटे दबले आणि भात्यानं एक लांब श्वास आत ओढला. सूर नाही, नुसता श्वास. चौघंही जागच्या जागी थबकले.

विमलाताई दारातच उभ्या होत्या. अण्णांचं स्टूल अजून तिथंच होतं. त्यांनी पायानं ते बाजूला सरकवून जागा केली.

“ठेवा खाली,” त्या म्हणाल्या. “दम खाऊ दे जरा.”

माणसांनी ऑर्गन खाली ठेवला आणि घाम पुसला. त्या कुणाबद्दल बोलल्या, ते मी विचारलं नाही.